म्यानाची साक्ष

गेल्या दसऱ्यास आम्ही फुलसावंगीस होतों. यवतमाळ जिल्ह्यांतील महागांव तालुक्याचें हें गांव. माहूरचा डोंगर येथून फारसा लांब नाहीं, आणि मोगलाई कागद वाचतांना ह्या सबंध मुलखाचा विचार माहूर सरकाराच्या संदर्भांतच करावा लागतो. पुसदकडील हा भाग १९०५ पावेतों वाशीम जिल्ह्यांत मोडत असे. त्यामुळें एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी दप्तरांत यवतमाळचें नांव धरून शोध करणारास पहिल्या झडतींत निराशाच पदरीं येते. पण तो विषय वेगळा. आम्ही गेलों होतों पोथ्यांसाठीं, आणि गुंतलों एका तरवारींत.

ज्या घरीं उतरलों होतों तेथें शस्त्रपूजेच्या चौरंगावर एक सरळ पात्याची जुनी तरवार मांडलेली होती. घरांतील एक तरुण शहरांत शिकत असून त्यानें जपानी शस्त्रविद्येविषयीं बरेंच वाचन केलें होतें. पूजा आटोपल्यावर त्यानें आमच्यापुढें एक सिद्धांत मांडला. तो असा कीं, जपानांत म्यानांतून तरवार उपसतां उपसतांच वार करण्याची जी विद्या आहे, ती मूळची आपली. अग्निपुराणांत तिचें विधान आहे. मराठे वीर ती जाणत. आणि त्याच्या घरच्या तरवारीचें म्यान तोंडाशीं एका अंगानें झिजलेलें होतें, तें पूर्वजांच्या ह्याच अभ्यासामुळें. असाच मजकूर अलीकडे छापूनहि येऊं लागला आहे, व तो लिहिणारे सर्वच उथळ आहेत असें म्हणतां येत नाहीं. म्हणून ह्या मताची परीक्षा साधार करावी असें आम्हांस वाटलें. तरुणाची निष्ठा खरी होती. अशा निष्ठेस पोकळ होकार देणें हा तिचा अपमानच होय.

प्रथम जपानी विद्या म्हणजे नक्की काय हें पाहूं. तिला आज ‘इआइदो’ म्हणतात. हें नांव जुनें नाहीं. तें १९३२ च्या सुमारास रूढ झालें. पूर्वी ‘इआइजुत्सु’, ‘बात्तोजुत्सु’ अशीं नांवें चालत. परंपरेप्रमाणें हिचा आद्य पुरुष हायाशीझाकी जिन्सुके शिगेनोबु. त्याचा काळ सामान्यतः १५४६ ते १६२१ असा देतात, म्हणजे मालोजी-शहाजींच्या पिढ्यांशीं तो समकालीन ठरतो. देवळांत अनुष्ठान करीत असतां त्यास ही विद्या स्फुरली अशी कथा आहे. आपल्याकडील बखरींतील दृष्टांतांस आपण जेवढें प्रामाण्य देतों, तेवढेंच ह्या कथेस द्यावें. त्याच्यामागून सातवा गणला जाणारा हासेगावा एशिन ह्यानें पद्धतींत मोठा फेरफार केला, असें त्या संप्रदायाचे लोक सांगतात.

ह्या विद्येचा प्रयोग चार अंगांचा असतो. पातें म्यानांतून काढतां काढतांच पहिला छेद घेणें. मग मुख्य वार. नंतर पात्यावरील रक्त झटकण्याची क्रिया. आणि शेवटीं तरवार म्यान करणें. आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें महत्त्वाचें अंग पहिलें. ‘काताना’ ही तरवार कमरपट्ट्यांत धार वर करून खोवलेली असते. त्यापूर्वीची ‘ताची’ ही धार खालीं ठेवून दोन टांगण्यांनीं लोंबत असे. म्यान ‘हो’ नांवाच्या झाडाच्या मऊ लांकडाचें. पात्याच्या मुळाशीं ‘हाबाकी’ ही धातूची पट्टी बसविलेली असते, ती म्यानाच्या तोंडांत घट्ट बसते, व बाकीचें पातें आंत जणूं अधांतरीं राहतें. उपसणारा डाव्या हाताच्या आंगठ्यानें परजेस रेटा देऊन ही पकड सोडवितो, उजव्या हातानें मूठ पुढें नेतो, आणि त्याच क्षणीं डाव्या हातानें म्यान मागें खेंचतो. म्हणजे तरवार जितकी पुढें जाते तितकेंच म्यान मागें येतें. दोन्ही हात मिळून एक क्रिया करतात. नवशिक्याचा हात चुकला तर धार म्यान चिरून त्याच डाव्या हाताच्या बोटांवर येते. ह्या विद्येंत डावा हात उजव्याइतकाच कामाचा आहे, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सारें विवेचन तिच्यावर उभें आहे.

दुसरी एक गोष्ट सांगणें जरूर आहे. आज जें इआइदो म्हणून दाखविलें जातें, तें सोळाव्या शतकांतलें जसेंच्या तसें आहे असें जपानी जाणतेहि मानीत नाहींत. १८७६ सालीं जपान सरकारानें हुकूम काढून तरवार बाळगून हिंडणें बंद केलें. त्यानंतर ही विद्या थोड्या घरांत व थोड्या गुरूंच्या हातीं राहिली. १८९५ त क्योटो येथें स्थापन झालेल्या संस्थेनें शस्त्रविद्यांस पुन्हां आश्रय दिला. ओए मासामिची (१८५२–१९२७) ह्यानें एका मोठ्या शाखेचे प्रकार नव्यानें लावले; नाकायामा हाकुदो ह्यानें दुसऱ्या शाखेचा प्रसार केला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ त ती संस्था मोडली. पुढें १९५२ त उभ्या राहिलेल्या केंदो महासंघानें १९६९ त सात प्रकार सर्वांसाठीं ठरवून दिले, त्यांत मागाहून भर पडून ते आज बारा झाले आहेत. सारांश, आजच्या रूपावरून जुन्याची कल्पना बांधणें तेथेंहि धोक्याचें आहे. मग तें रूप समुद्रापार आणून आमच्या सतराव्या शतकावर बसविणें किती धोक्याचें, हें निराळें सांगावयास नको.

आतां अग्निपुराण. ह्या पुराणांत धनुर्वेदाचे चार अध्याय आहेत. आनंदाश्रमाच्या प्रतींत ते २४९ ते २५२ असे येतात. राजेंद्रलाल मित्र ह्यांनीं १८७३ ते १८७९ ह्या काळांत कलकत्त्यास छापलेल्या प्रतींत आंकडा एकानें मागें पडतो. ज्यांस पडताळा पाहणें असेल त्यांनीं हा फरक लक्षांत ठेवावा, नाहींतर उगाच ‘श्लोक सांपडत नाहीं’ अशी तक्रार होते. ह्या अध्यायांत पाशाचा अभ्यास सांगून झाल्यावर खड्गाविषयीं एक विधान येतें. त्याचा भावार्थ असा: खड्ग कमरेस बांधून डाव्या बाजूस लोंबतें ठेवावें, डाव्या हातानें घट्ट धरावें व उजव्या हातानें बाहेर काढावें. आमच्या तरुण मित्राचा सारा भर ह्याच विधानावर होता, आणि तें आहे हें त्याचें म्हणणें खरें आहे. संस्कृत वाङ्मयांत तरवार उपसण्याच्या क्रियेचा हातवार विधि सांगणारें दुसरें इतकें स्पष्ट स्थळ आमच्या पाहण्यांत नाहीं. ज्यानें हें प्रथम हुडकून काढलें त्याचे आभारच मानले पाहिजेत.

परंतु विधान सांपडणें वेगळें व विद्या सांपडणें वेगळें. हा श्लोक कोठें बसला आहे तें पाहावें. त्याच्या मागें पाश आहे; पुढें लगेच लोखंडी शलाका, चिलखतें व सोट्याचा अभ्यास आहे. म्हणजे ग्रंथकार शिष्यास एकेक हत्यार हातीं कसें घ्यावें तें सांगत चालला आहे. उपसण्यास त्यानें एक श्लोक दिला व तो पुढें गेला. काढतांना पातें कोणत्या रेषेंत न्यावें, शत्रु समोर असतां काय व पाठीशीं असतां काय, बसलेल्या स्थितींतून कसें, परत म्यान कसें करावें, ह्यांपैकीं एकहि गोष्ट तेथें नाहीं. खड्गाची खरी विद्या ग्रंथकार पुढच्या अध्यायांत सांगतो. तेथें भ्रान्त, उद्भ्रान्त, आविद्ध, आप्लुत अशा बत्तीस गती मोजल्या आहेत. ह्या साऱ्या गती हातांत आलेल्या, उघड्या तरवारीच्या आहेत; आणि त्या नुसत्या खड्गाच्याहि नाहींत, खड्ग व चर्म म्हणजे ढाल ह्या जोडीच्या म्हणून सांगितल्या आहेत. ग्रंथकाराची दृष्टि कोठें होती हें ह्यावरून उघड होतें. उपसणें ही त्याच्या मतें विद्येची पायरी आहे, विद्या नव्हे.

येथें आमच्यावर एक आक्षेप येईल, व तो योग्य आहे. ज्या ढालीवर आम्ही एवढा भर देत आहों ती डाव्या हातांत असावयाची. मग डाव्या हातानें घट्ट धरावें हें पुराणांतलें वाक्य कसें लागावयाचें? आमच्या मतें ह्याचें उत्तर एवढेंच कीं, तरवार उपसली जाई तेव्हां ढाल अजून हातीं आलेली नसे. ती पाठीवर किंवा खांद्यावर असे, अगर बाजूस असे. आधीं तरवार मोकळी, मग ढाल हातीं, मग गती. म्हणजे उपसणें हें झुंजीपूर्वींचें काम. हा आमचा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण श्लोकांचा क्रम त्यास अनुकूल आहे. उलट पक्षाचा तर्क मान्य करावयाचा तर एका श्लोकाच्या पोटांतून चार अंगांची विद्या काढावी लागते, आणि बत्तीस गतींनीं सांगितलेल्या ढालीचें काय करावें हा प्रश्न तसाच उरतो.

आतां मराठ्यांकडे वळूं. मराठा शिपाई घोड्यावर असेल तर डावा हात लगामास, आणि पायीं असेल तर ढालीस. जपानी पायदळी योद्ध्याजवळ हातांत धरण्याची ढाल नव्हती, म्हणून त्याचा डावा हात म्यानास वाहिलेला राहूं शकला. आमच्याकडे तो हात मोकळाच नव्हता. अर्व्हिन ह्यानें १९०३ सालच्या आपल्या मोगल सैन्यावरील ग्रंथांत स्वाराची तरवार खांद्यावरून घेतलेल्या पट्ट्यांत लटकत असे असें नमूद केलें आहे. अशी लोंबती तरवार मागें खेंचण्यास पक्का आधार नसतो. ती काढतांना म्यान झुलतें. दख्खनी व मोगली चित्रांतील सरदार पाहावे: कित्येकांच्या हातीं म्यानांतली तरवार काठीसारखी टेकलेली असते, आणि शेल्यांत पुढच्या बाजूस खोवलेली असते ती कट्यार. हा तपशील क्षुल्लक नाहीं. एकाएकीं उपसावयाचें हत्यार कोणतें मानलें जाई तें ह्या मांडणीवरून कळतें.

इतिहासांतले प्रसंगहि हेंच सांगतात. आगऱ्याच्या दरबारांत १६४४ त अमरसिंह राठोडानें सलाबतखानास मारलें तें कट्यारीनें. प्रतापगडच्या भेटीचा (१० नोव्हेंबर १६५९) जो वृत्तांत कृष्णाजी अनंत सभासद देतो, त्यांत खानाचें हत्यार जमदाड आहे आणि महाराजांचीं बिचवा व वाघनख. मिठीच्या अंतरावर लांब तरवार उपसणें कोणालाच शक्य नव्हतें, व कोणी तसें योजलेंहि नव्हतें. त्याच वृत्तांतांत सैयद बंडा हा पट्ट्याचा नामी खेळाडू म्हणून त्यास दूर करविल्याची हकीकत आहे. ती आमच्या मुद्द्यास फार उपयोगी आहे. पट्ट्याची मूठ म्हणजे कोपरापर्यंत येणारा लोखंडी हातमोजाच. त्यांत हात घालून आडवी पकड धरावी लागते. असलें हत्यार क्षणांत उपसतां येत नाहीं. तें आधींच हातीं चढविलेलें असावें लागतें. मराठ्यांचें म्हणून जें हत्यार जगभर ओळखलें जातें, त्यांत उपसण्याच्या कौशल्यास जागाच नाहीं.

मुठीचाहि विचार करावा. आमच्या नेहमीच्या तरवारीची मूठ आंखूड, एका हातापुरती, आणि वर वाटीसारखी चकती. ती चकती मनगटास अडविते. त्यामुळें वार मनगटानें न होतां खांद्यापासून ओढून घ्यावा लागतो. काताना दोन हातांनीं धरावयाची. पहिला छेद एका हातानें घेऊन दुसरा हात मागाहून मुठीवर येतो. एक घडण एका वापरासाठीं, दुसरी दुसऱ्यासाठीं. ह्यांत उणेंअधिक कांहीं नाहीं. पण आमच्या लेखकांस ‘त्यांचें जें आहे तें आमचें होतें’ असें म्हटल्यावांचून चैन पडत नाहीं, आणि त्या नादांत ढालतरवारीची, पट्ट्याची, भाल्याची आमची खरीखुरी विद्या दुर्लक्षित राहते. अमरावतीच्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९१४ पासून आखाड्यांतील खेळ जिवंत ठेवले व १९३६ त बर्लिनपर्यंत नेऊन दाखविले; बडोद्याच्या मजुमदारांनीं व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले. ह्या श्रमांचें मोल मोठें आहे. मात्र तेहि विसाव्या शतकांतल्या आखाड्याचे साक्षीदार आहेत. सतराव्या शतकाविषयीं त्यांस प्रश्न विचारतांना सावधपणा हवा.

भाषेची साक्षहि थोडी काढून पाहूं. ती दुय्यम पुराव्याची आहे हें मान्य करूनच. मराठींत तरवार परजतात, चालवितात, गाजवितात, तिचे हात करतात. हातीं आलेल्या तरवारीसाठीं क्रियापदांची अशी रेलचेल आहे. म्यानांतून काढण्यास मात्र ‘उपसणें’ हें एकच मुख्य क्रियापद, आणि तेंहि विहिरींतला गाळ व नावेंतलें पाणी काढण्याकडे तितकेंच लागू. जेथें एखाद्या क्रियेचें शास्त्र बनतें तेथें तिच्या अवयवांस स्वतंत्र नांवें पडतात. जपानींत म्यानाच्या तोंडास, त्याच्या दोरीस, तें मागें ओढण्याच्या क्रियेस वेगवेगळीं नांवें आहेत. आमच्याकडे म्यानाच्या तोंडावरील धातूच्या टोपणास मोहनाळ व टोंकावरील टोपणास तहनाळ म्हणतात. हे शब्द कारागिराच्या व विकणाराच्या तोंडचे आहेत, तालीमबाजाच्या नव्हेत. अर्थात् शब्द नाहीं म्हणून वस्तु नव्हती, असा निकाल आम्ही देत नाहीं.

येथवर आम्हीं जो पक्ष मांडला त्यांत एक मोठें भगदाड आहे, आणि तें आम्हांसच सांगितलें पाहिजे. मराठी शिपाई तरवार प्रत्यक्षांत कशी काढी, कमरेस किती खालीं व किती तिरकी बांधी, म्यान हातानें धरी कीं नुसतें झटक्यानें पातें ओढी, ह्याचा सर्वांत विश्वसनीय साक्षीदार ग्रंथ नव्हे. तो म्यान आहे. कड्या दोन आहेत कीं एकच, त्यांमधलें अंतर किती, त्या कोणत्या अंगास आहेत, ह्यावरून टांगण्याची रीत कळते. तोंड धारेच्या अंगानें झिजलें कीं पाठीच्या, ह्यावरून काढणाराचा हात कळतो. चामडें कोठें तुकतुकीत झालें आहे तें पाहिल्यास डावा हात तेथें पडे कीं नाहीं हें सांगतां येईल. मुठीपासून पात्याच्या दोहों बाजूंस उतरणाऱ्या दोन आंखूड जिभा म्यानाच्या तोंडावर बसतात. त्यांची खांच जुळते कीं नाहीं ह्यावरून हें म्यान ह्याच तरवारीचें कीं उसनें तें ठरतें. म्हणजे झिजलेल्या तोंडावरून अनुमान काढण्याची त्या तरुणाची पद्धत शास्त्रशुद्ध होती. आम्ही ती पद्धत त्याच्याकडून शिकलों असें म्हणण्यास संकोच नाहीं.

पण हा साक्षीदार आम्हीं संग्राहकांनींच नाहींसा केला आहे. एजर्टन ह्यानें १८८० सालीं लंडनच्या संग्रहांतील हिंदी हत्यारांची सूची छापली. ती आजहि प्रत्येक संग्राहकाच्या फळीवर असते, आणि पात्यांच्या व मुठींच्या भेदांसाठीं ती उपयुक्तच आहे. तींत म्यानाचा उल्लेख आला तर बहुशः मखमलीचा रंग व चांदीचें काम एवढ्यापुरता येतो. हाच वारसा आमच्या सूच्यांनीं उचलला. पातें किती इंच, पाणी कसें, मुठीवर सोन्याचें काम आहे काय, कोणाचें नांव कोरलें आहे, एवढें लिहून झालें कीं कलम संपलें. १९५९ पूर्वीच्या व नंतरच्या हत्यार-कायद्यांनीं घराघरांतल्या तरवारी माळ्यावर ढकलल्या; तेथें लोखंड गंजतें, पण टिकतें. लांकूड, चामडें व कापड ह्यांस मात्र वाळवी व कसर लागते. मग विकणारा पातें घांसून पुसून आणतो व चिंध्या झालेलें म्यान फेंकून देतो, कारण त्याला गिऱ्हाईक नसतें. गिऱ्हाईक म्हणजे आम्हीच.

२०२५ सालीं महाराष्ट्र शासनानें लंडनच्या लिलांवांत नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची म्हणून ओळखली जाणारी तरवार ४७ लक्ष १५ हजार रुपयांस मिळविली व ती ऑगस्टांत मुंबईस आणली. वऱ्हाडच्या माणसास ह्या गोष्टीचा आनंद होणें स्वाभाविक आहे; आम्हांसहि झाला. पातें फिरंगी, त्यावर सोन्यानें काढलेलें सेनासाहेबसुभ्याचें नांव, मुठीची घडण, ह्यांवर लोकांनीं भरभरून लिहिलें. ती तरवार कमरेस कशी बांधली जात होती हा प्रश्न आमच्या वाचनांत कोणी विचारलेला आला नाहीं. फिरंगी पात्यास देशी म्यान चढविणाऱ्या कारागिरास सरळ व लांब पातें सामावण्यासाठीं काय करावें लागलें असेल, हा तर ह्या विषयाचा गाभा आहे.

दुसऱ्यांस बोल लावतांना स्वतःचें दप्तर झांकून ठेवूं नये. फुलसावंगीहून परतल्यावर आम्हीं आपलीं जुनीं टिपणें काढलीं. गेल्या कित्येक वर्षांत आम्हीं वऱ्हाडांत व माहूर-किनवटकडे पाहिलेल्या तरवारींचीं तीं आहेत. पात्याचें माप प्रत्येक ठिकाणीं आहे. मुठीचीं रेखाटनें आहेत. एके ठिकाणीं तर पात्यावरील तीन चांदण्यांची नक्कलहि आहे. म्यानाची नोंद क्वचित्, आणि जेथें आहे तेथें ‘म्यान जीर्ण’ हे दोनच शब्द. तीं जीर्ण म्यानें आज पुन्हां पाहावयास जावें तर त्यांतलीं किती शिल्लक असतील? पोथीचें शेवटचें पान फाटलेलें दिसलें तर आम्ही त्याचा तुकडाहि जपतों. यवतमाळच्या शारदाश्रमानें महानुभावांच्या पोथ्या अशाच जपल्या. म्यान हें तरवारीचें पुठ्ठें मानून आम्हीं टाकून दिलें, आणि आतां त्यावर काय लिहिलें होतें तें विचारीत बसलों आहों.

हें लिहिण्यास कारण झालेल्या त्या म्यानाचें काय झालें तेंहि सांगतों. आम्हीं तें पाहावयास मागितलें तेव्हां घरांत थोडी चुळबूळ झाली. वाळवीनें पोखरलें म्हणून मागल्या होळींत तें टाकण्यांत आलें होतें. तरुणास ही गोष्ट ठाऊक नव्हती. त्याचा चेहरा पाहवेना. राहिली होती फक्त तहनाळ. धातूची म्हणून ती जाळांतून वेंचून कोणीतरी फडताळांत ठेवली होती. पितळेची, साधी, टोंकाशीं लहानशी गांठ असलेली. आम्हीं ती पात्याच्या अग्राजवळ नेऊन धरली आणि दोघांच्याहि ध्यानांत एकदमच आलें. पातें सरळ होतें; तहनाळ बाकदार होती. रुंदीहि जमेना. ह्या तरवारीचें तें म्यान नव्हतेंच.

तेव्हां इतका वेळ दाराशीं बसून ऐकणाऱ्या त्याच्या आजीनें तोंड उघडलें. “दोन होत्या जी,” त्या म्हणाल्या, “वाकडी वाटणीत धाकल्या घरी गेली. म्यान इथंच रायलं.” धाकटें घर पुढें गांव सोडून गेलें. सरळ तरवार वांकड्या म्यानांत जात नाहीं, म्हणून रिकामें म्यान खुंटीला व उघडी तरवार माळ्यावर, असे ते दोन जिन्नस एका घरांत वर्षानुवर्षें राहिले, आणि नातवानें त्यांची सांगड घातली. तोंड झिजलेलें होतें हें त्या बाईंनाहि आठवत होतें. कोणत्या अंगानें, तें मात्र त्यांस सांगतां येईना. तरुण म्हणे धारेच्या अंगानें, पण ज्या तरवारीच्या धारेचा प्रश्न होता ती त्यानें कधीं पाहिलेलीच नव्हती.

तहनाळीच्या आंत जळक्या लांकडाची एक चिपटी अडकून राहिली आहे. ती आम्हीं काढली नाहीं. तहनाळीचें रेखाटन, आंतील रुंदी व बांक हीं मापें घेऊन एक नक्कल त्या घरीं ठेवली आहे, आणि धाकट्या घराचा पत्ता काढण्याचें त्या तरुणानें पत्करलें आहे. ती वांकडी तरवार जर कोठें असेल, तर तिच्या अग्राचें माप आमच्या कागदाशीं ताडून पाहतां येईल.